ऐकलं ते सांगितलं

कुठून आलात, कुठं चाललात, गाडीत काय आहे, एवढं विचारायचं आणि रस्त्यावरचा आडवा बांबू वर करायचा, ही नाकेदाराची नोकरी. पण आमच्या कनेरगावचा नाकेदार तेवढ्यावर थांबला तर ना! गाडीतल्या म्हातारीला विचारायचा, "लेकीकडं चालल्या का? पहिलटकरीण हाय? मग सासरचे काहून न्हाई आले तिला सोडायला?" म्हातारीला काय, कुणीतरी विचारलं एवढंच पाहिजे. ती जन्माचं गाऱ्हाणं सांगत बसायची, आणि मागं गाड्यांची रांग लागायची. समोर माझं चहाचं छप्पर होतं. मी चुलीपुढं बसून बघत राहायची आणि मनात म्हणायची, ह्याला काय करायचंय हे?

मी जन्माची संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नवरा तापानं गेला, मी माहेरी भावाकडं परत आले आणि नाक्यासमोर छप्पर टाकलं. एकट्या बाईनं रस्त्यावर बसून धंदा करायचा तर भोळं राहून भागत नाही. जो गोड बोलला त्याच्याकडं मी दोनदा बघायची. आणि नाकेदार तर सगळ्यांशीच गोड बोलायचा.

त्याचं नाव यशवंतराव. उंच, वाळका माणूस, बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, डोक्यावर काळी टोपी. कान मोठे. कुणी बोलायला लागलं की उजवा कान पुढं करून मान वाकडी करायचा, आणि डोळे मिटून घ्यायचा. डोळे मिटून ऐकणारा माणूस मी त्याच्याआधी पाहिला नव्हता. गावात त्याचं कुणी सोयरं नाही. बायको माहेरीच असायची. का, ते कुणाला ठाऊक नाही. सगळ्या दुनियेला विचारणारा हा गडी स्वतःचं मात्र काही सांगत नव्हता.

एक गोष्ट कबूल करते. गाठोडं सोडून तपासलं की ते तो स्वतःच्या हातानं पुन्हा बांधून द्यायचा, आणि आधीपेक्षा चांगलं बांधायचा. इतर नाकेवाले सामान रस्त्यावर उपसून ठेवायचे आणि म्हणायचे, उचला आता. हा गाठ मारून, ओढून बघून, मगच हातात द्यायचा. पण तेव्हा मला तेही खटकायचं. सरकारी माणूस इतका चांगला काहून वागून राहिला?

त्या दिवसांत पैनगंगेच्या पल्याड इंग्रजाचं वऱ्हाड आणि अल्याड निजामाचं राज्य. आम्ही अल्याड. माझा भाऊ लक्ष्मण नदीवर डोंगा चालवायचा आणि मासे धरायचा. आम्ही भोई, आमचं सगळं त्या पाण्यावर.

मोठी लढाई चालू होती तेव्हा कधीतरी नाकेदारानं वाशीमहून रेडिओ आणला. गाडीत गोधडीत गुंडाळून आणला, बाळंतिणीला आणतात तसा. सोबत जड बॅटरी. ती संपली की पुन्हा वाशीमला जिनिंगात पाठवून भरून आणावी लागायची. खोलीवर दोन बांबू उभे करून तार ताणली, आणि अंगणात एक लोखंडी कांब ठोकून दुसरी तार तिला बांधली. त्या कांबीच्या बुडाला ओल पाहिजे म्हणे, म्हणून रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायचा. आमच्या गावात तुळशीला पाणी घालणाऱ्या पुष्कळ, पण लोखंडाला पाणी घालणारा हा एकच. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

बातम्या तो दार लोटून एकटाच ऐकायचा. पण आठवड्यातून एकदा दिवेलागणीला दिल्लीच्या रेडिओवर वेगळंच काही लागायचं. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत. देशोदेशीच्या साध्यासुध्या माणसांची हकीकत. कुठं खाणीत उतरणारा, कुठं बर्फात मेंढ्या राखणारी. आधी त्या माणसाचा स्वतःचा आवाज यायचा, त्याच्याच बोलीत, मग उर्दूत सांगणारा सगळं समजावून सांगायचा. मागं त्याच्या गावातला वारा ऐकू यायचा, कुत्री भुंकायची, हातोडा पडायचा. त्या दिवशी नाकेदार दार सताड उघडं टाकायचा आणि रेडिओ उंबऱ्यावर आणून ठेवायचा. अंगण भरून जायचं. बोट वर करून तो म्हणायचा, "चूप बसा! आता बोलून राहिला ना, तो खुद्द तोच माणूस हाय." आम्हाला काय कळणार? पण लोक गप्प बसायचे. खोकला आला तर तोंडात धोतराचा सोगा कोंबायचे.

कार्यक्रम संपला की रेडिओ बंद, आणि मग नाकेदार तीच हकीकत आमच्या बोलीत सांगायचा. सांगून झालं की हात झटकायचा. "ऐकलं ते सांगितलं. पदरचं कायबी न्हाई!"

आता ह्यात एक गोम होती. परदेशी नावं आमच्या जिभेवर काही टिकायची नाहीत. सुरुवातीला त्यानं खरी नावं सांगून बघितली. लोक मधेच विचारायचे, "हा कोन? मघाचा का दुसरा?" मग त्यानं युक्ती काढली. गोष्टीतला माणूस जे काम करतो, ते काम करणारा अंगणात कोण बसलाय ते बघायचा आणि त्याचंच नाव गोष्टीतल्याला द्यायचा. कोष्टी असला की आमचा मारोती कोष्टी. लोहार असला की आमचा लोहार. लोकांना असं गोड लागलं की विचारू नका! "आज माझा नंबर लागतो का बघू," म्हणून पुढं जागा धरायला लागले.

तांड्यावरचा धनसिंग नाईक एकदा असाच पुढं येऊन बसला. त्याचे वाडवडील बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. रेल्वे आली, लदणी बंद पडली आणि तांडा शेतीला लागला. त्या दिवशी गोष्ट निघाली वाळूच्या मुलखातली. उंटांवर मीठ लादून नेणाऱ्या म्हाताऱ्याची. नाकेदारानं त्याला धनसिंग म्हटलं. म्हातारा ऐकता ऐकता पुढं सरकत सरकत पार उंबऱ्यापाशी गेला. विचारतो, "त्येंच्या उंटाच्या गळ्यात घुंगरू असतेत का?"

"असतेत. ऐकलं न्हाई का मघाशी, वाजत होते?"

"मला वाटलं मलाच ऐकू येऊन राहिले," धनसिंग म्हणाला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. मीही डोळे पुसले. पण डोळे पुसता पुसता मनात आलंच, की हा नाकेदार धनसिंगाला नाक्यावर नेमकं हेच सगळं विचारत बसला होता मागच्या बाजारी. मग हे रेडिओत आलं, का ह्याच्या डोक्यातून आलं?

दुसऱ्या दिवशी तो चहाला आला तेव्हा मी तोंडावरच सांगितलं, "नाकेदार, माझं नाव कुठल्या गोष्टीत घालायचं न्हाई. सांगून ठेवते."

"काहून हो, गयाबाई? चांगल्या बाईलाच देईन की तुमचं नाव."

"चांगल्या न्हाई अन् वंगाळ न्हाई. माझं नाव माझ्यापाशी राहू द्या."

तो हसला नाही. कान पुढं करून, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "बराबर हाय. न्हाई घालनार."

पुढं इंग्रज गेला. पल्याड झेंडे लागले आणि अल्याड निजामाचं राज्य तसंच राहिलं, उलट जास्तच कडक झालं. गावागावांतून पोरं निजामाविरुद्ध उठायला लागली, त्यांच्यामागं पोलीस लागले. पोरं नदी ओलांडून पल्याड पळायची. नाक्यावर बंदूकवाले आले. आणि माझा लक्ष्मण डोंग्यात माणसं झोपवून, वरून जाळं आणि लव्हाळ्याच्या पेंढ्या टाकून, मासे धरायचं सोंग करत त्यांना पल्याड सोडायला लागला. हे ठाऊक होतं फक्त मला. मी म्हटलं, "मरशील रे, लक्ष्मणा." तर म्हणाला, "आक्का, लेकरं येऊन हात जोडतेत. न्हाई कसं म्हनू?"

त्याच सुमाराला नाकेदाराला नवीन खोड लागली. दुपारी काम नसलं की नदीच्या दरडीवर जाऊन बसायचा. विचारलं तर म्हणायचा, "कान साफ करायला जातो." दरडीवरून लक्ष्मणाचा डोंगा सबंध दिसतो. सरकारचं मीठ खाणारा माणूस, कान हे असे, आणि बसतो कुठं तर तिथं!

आणि मग ती संध्याकाळ. दिवाळी होऊन गेली होती. अंगणात नेहमीसारखी माणसं. लक्ष्मणही आला होता, कांबीजवळ उकिडवा बसला होता. रेडिओत आधी एका बाईचा आवाज लागला. ती रडत नव्हती. एकसारखी, सपाट आवाजात बोलत होती, मधे थांबायची, पुन्हा बोलायची. मागं पाणी वाजत होतं आणि वल्हं.

रेडिओ बंद करून नाकेदार त्याच्यावरची धूळ पुसत बसला. लोक म्हणाले, "सांगा की." तेव्हा सांगायला लागला. थंड मुलूख. परक्या फौजेनं देश घेतलेला. मधे नदी, पल्याड सुटका. आणि एक नावाडी होता, तो पळून जाणाऱ्यांना डोंग्यात निजवून, वर जाळं टाकून पार करायचा. "त्याचं नाव," नाकेदार म्हणाला आणि जरा अडखळला. सगळं अंगण लक्ष्मणाकडं बघून हसत होतं. भोई तेवढा एकच होता. "त्याचं नाव लक्ष्मण," तो म्हणाला.

लोकांना गंमत, आणि इथं माझ्या भावाच्या गळ्याला दोर लागत होता. मी नाकेदाराच्या तोंडाकडं बघत होते. नाव उच्चारल्यावर लक्ष्मण कसा बसतो, खाली बघतो का, हे बघायलाच ह्यानं हे काढलं, अशी माझी पक्की खात्री झाली. मी मुद्दाम खोडा घातला. "नावाड्याची गोष्ट हाय तर बाई काहून बोलत होती?"

"ती सांगनारी होती," एवढंच म्हणून तो पुढं गेला. शेवटी लक्ष्मणानं सगळ्यांना पार केलं आणि स्वतःही पल्याड सुखरूप पोचला. संपली गोष्ट. त्या दिवशी हात झटकले नाहीत, आणि ते नेहमीचं वाक्यही म्हणाला नाही. लोक उठता उठता त्यानं हाक मारली, "लक्ष्मणा, जाळं वलं ठेवत जा रे. वाळू देऊ नको."

सगळे खो खो हसले. अहो, जाळं ओलं ठेवलं तर कुजतं! भोयाच्या जातीला हा कारकून जाळं शिकवून राहिला! मी म्हटलं, "तुमी आपला रेडिओ वाजवा, नाकेदार." पण लक्ष्मण हसला नाही. सकाळी बघते तर चांगलं वाळलेलं जाळं त्यानं नदीत बुडवून आणून दारात टाकलेलं. मी ओरडले त्याच्यावर. पण तो रोज तसंच करायला लागला. मासेही पुन्हा खरोखर धरायला लागला.

गोष्ट मात्र अंगणातून निघाली ती बाजारात गेली. बाजारातून पुढच्या गावी. आणि जाता जाता काय झालं तिचं? "दिल्लीच्या रेडिओत लक्ष्मण भोयाचं नाव आलं!" गाडीवाले माझ्याकडं चहाला थांबून सांगायचे, "गयाबाई, भाऊ दिल्लीला पोचला की तुमचा!" शाबासकी देत होते मला! मी कपबशी आपटून म्हणायची, तसं काही नाही हो, ते दुसऱ्या मुलखातलं. पण रेडिओत नाव आल्याची गोष्ट सोडून देईल असा माणूस आमच्या मुलखात अजून जन्मायचा होता.

अमीन आला. पोलिसांचा मोठा साहेब. लक्ष्मणाला डोंग्यावरूनच उचललं, चावडीत कोंडलं. मला बाहेर त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. मी तशीच धावत नाक्यावर गेले आणि नाकेदाराचा कोट धरला. शिव्या दिल्या, ज्या मला येत होत्या त्या सगळ्या. "खाल्लास ना माझा भाऊ? आता बांध गाठोडं त्याचं!" त्यानं टोपी नीट केली आणि माझ्याआधी चावडीकडं चालायला लागला.

अर्धं गाव चावडीपुढं जमलं होतं. अमीनानं नाकेदाराला रेडिओ घेऊन यायला लावलं. समोर ठेवून म्हणाला, "फिर बुलवाओ इससे. जो उस दिन बोला, वही."

"साहेब, गेलेलं पुन्हा येत न्हाई त्यात."

"तो हम कैसे माने?" अमीनानं छडी रेडिओवर टेकवली. "लक्ष्मण का नाम दिल्ली ने लिया के नहीं?"

नाकेदार गावाकडं वळला. सगळे ओळखीचे चेहरे. मला वाटलं, आता म्हणेल, ऐकलं ते सांगितलं. तेच म्हणायचा तो जन्मभर. पण म्हणाला, "दिल्लीनं कुनाचंबी नाव न्हाई घेतलं. रेडिओत असलं काही नसतंच, साहेब. तिथं गानं-बजावनं असतंय. गोष्टी मी रचतो. खोट्या. आज इतकी वर्षं खोटं सांगून राहिलो ह्यांना."

अमीन म्हणाला, "सबूत?"

"इचारा की ह्यांनाच. कोष्टी परदेशी, अन् त्याचं नाव मारोती कसं? वाळूत उंट हाकनारा धनसिंग कसा? समोर जो बसला त्याचं नाव घ्यायचो. त्या दिवशी हा भोई बसला होता. दुसरा बसला असता तर त्याचं घेतलं असतं."

अमीनानं मारोतीला विचारलं. मारोती म्हणाला, व्हय, माझं नाव होतं. लोहार म्हणाला, माझंबी. धनसिंग मान खाली घालून बसला होता. त्याला दोनदा विचारावं लागलं. "व्हय," म्हणाला, आणि नाकेदाराकडं असं बघितलं की मला ते बघवलं नाही. त्याचे उंट, त्याचे घुंगरू, सगळं त्या एका शब्दात गेलं.

अमीनाला हसू फुटलं. शिपायानंही सांगितलं, की जाळं तपासलं, ओलं आहे, माशांचे खवले ताजे आहेत, हा मासेच धरतो. मग लक्ष्मणाला सोडलं. रेडिओ मात्र तारेसकट उचलून नेला. जाता जाता अमीन नाकेदाराच्या गालावर दोन चापट्या मारून म्हणाला, "अच्छा झूठ बोलता है रे तू."

मी भावाला घरी आणलं, हळद लावली. नाकेदाराचे उपकार मानायला गेले का? नाही गेले. मला काय कळेना, ते ऐका. खोटं बोलून त्यानं भावाला सोडवलं, का इतकी वर्षं खोटं बोलून आता खरं सांगितलं? पहिलं असेल तर देवमाणूस. दुसरं असेल तर त्याच्याच खोटेपणापायी माझा भाऊ मार खाऊन आला. कुणाला विचारू? गावानं मात्र दुसरं धरलं. अंगणात कुणी फिरकेना. पोरं त्याच्यामागं "पदरचं, पदरचं" ओरडत जायची. तो नाक्यावर बसायचा, सरकारी प्रश्न तेवढे विचारायचा आणि बांबू वर करायचा. म्हातारीला लेकीचं विचारणं बंद. गाठोडी मात्र बांधून द्यायचा. कांबीला पाणी घालणंही त्यानं सोडलं नाही. रेडिओ नाही, तार नाही, तरी संध्याकाळी तांब्या घेऊन यायचा. सवय, दुसरं काय?

पुढच्या भादव्यात राज्य पालटलं. पल्याड गेलेली पोरं वाजतगाजत परत आली आणि त्यांनीच लक्ष्मणाच्या गळ्यात हार घातले. भाषणं झाली. नाकेदार लांब उभा होता. कुणी तरी म्हणालं, हा निजामाचा नोकर, आणि वर खोटारडा. त्यानं ऐकलं, मी बघितलं ऐकताना. थोड्याच दिवसांत त्याची बदली झाली.

निघायच्या सकाळी गाडी माझ्या छपरापुढं उभी केली. एक पेटी आणि एक गाठोडं, बस. गाठोड्याला नेहमीची घट्ट गाठ. मी चहा दिला. मला राहवेना.

"नाकेदार, आता तर अमीन न्हाई. खरं सांगा. ती नावाड्याची गोष्ट रेडिओत होती का?"

"होती."

"कशावरून?"

"तेच तर. दाखवायला कायबी न्हाई." चहा संपवून कप पालथा ठेवला. "ऐकलं ते सांगितलं, गयाबाई. त्या एका गोष्टीत मात्र पदरचं घातलं. शेवट. तो पार न्हाई झाला. धरला त्याला. मासे धरतो म्हनायचा, अन् जाळं रोज कोरडं. शेजारच्यांच्या ध्यानात आलं ते."

म्हणजे दरडीवर बसून ह्यानं सगळं पाहिलं होतं. लक्ष्मणाचं कोरडं जाळंही.

"अन् ती बाई?" मी विचारलं. "ती कोन होती बोलनारी?"

तो गाडीत चढला. बैल हलले. मग वळून म्हणाला, "त्याची बहीन. सगळी गोष्ट तिचीच होती. पन तुमी म्हनलं होतं ना, तुमचं नाव घालायचं न्हाई."

गाडी वळणावर गेली. तो पुन्हा दिसला नाही, कुठं गेला तेही कळलं नाही.

मी छप्पर तसंच उघडं टाकून घरी आले. दारात लक्ष्मणाचं जाळं बांबूवर पसरलेलं होतं, उन्हात. हात लावून बघितलं. कोरडं ठणठणीत. आता कसली भीती होती? लक्ष्मण आत जेवत होता, त्यानं विचारलं, "आक्का, काय झालं?" ते जाळं पोटाशी धरून मी त्या बाईसाठी रडले, जिचं नाव मला कुणी सांगितलं नव्हतं.